मंगोलांची बाजू

मंगोलांची बाजू घ्यायला इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलमध्ये दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून ती माझ्या गळ्यात पडली, असं आमच्या कट्ट्यावर आधी मानत होते. तसं नाही. ती मी मागून घेतली होती, आणि का घेतली होती हे एका बाईखेरीज कुणालाही ठाऊक नव्हतं.

आमचा कट्टा म्हणजे महिन्यातून एका रविवारी दुपारी चर्चच्या मागच्या हॉलमध्ये जमणारी वीस-पंचवीस मराठी माणसं. बहुतेक आयटीतली, थोडी फायनान्समधली, दोघं-तिघं रिटायर झालेली. खुर्च्या आपणच मांडायच्या, आपणच उचलायच्या, आणि किटली व हीटर एकदम लावायचे नाहीत, फ्यूज उडतो. विषय कुठलाही चालतो, पद्धत मात्र ठरलेली. दोन वक्ते, दोन बाजू. दोघांचं बोलून झालं की 'पालट'. म्हणजे प्रत्येकाने तीन मिनिटं समोरच्याची बाजू घ्यायची आणि त्याला स्वतःलाही सुचला नसेल असा मुद्दा मांडायचा. हा पालट मला फार आवडायचा. स्वतःच्या बाजूने कुणीही घसा कोरडा करतं. दुसऱ्याची बाजू त्याच्याहून चांगली मांडून दाखवेल त्याला मी मानते.

कट्ट्यावर एक डॉक्टरकाका येतात, सत्तरी ओलांडलेले, मूळचे पुण्याचे. चूक दिसली की त्यांना राहवत नाही. चष्मा कपाळावर ढकलायचा, हात वर करायचा आणि "एक मिनिट, हे तुम्ही कुठे वाचलंत?" असं विचारायचं. अर्धा हॉल त्यांना वैतागलेला. मी नव्हते. माझ्या पहिल्याच भाषणात त्यांनी मला चार वेळा अडवलं आणि दुसऱ्या दिवशी लांबलचक ईमेल पाठवून पाचवी चूक दाखवली. ऑफिसच्या कँटीनमध्ये ती वाचताना मी एकटीच हसत होते. मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे, दुसऱ्यांच्या चुका शोधणं हेच माझं काम. माझं म्हणणं इतकं कसून कुणी तपासलं नव्हतं.

हे मला इतकं का आवडलं ते सांगायला हवं. नागपूरला कॉलेजात असताना एका प्राध्यापकांनी माझा निबंध वर्गात वाचून दाखवला आणि शेवटी म्हणाले, "तुमच्या मानाने फारच छान." तुमच्या म्हणजे कुणाच्या, हे वर्गातल्या प्रत्येकाला कळलं. त्या निबंधात एक ठळक चूक होती. ती मला महिन्याभराने माझी मला सापडली. प्राध्यापकांना ती दिसली नसणार असं मला वाटत नाही. त्यांनी ती सोडून दिली होती. तेव्हापासून माझ्याशी कुणी कडाकडा भांडलं की मला बरं वाटतं.

आमचं घर बौद्ध. आजोबांनी नागपूरला दीक्षा घेतली. त्याआधीच, वडिलांचं नाव शाळेत घालताना, त्यांनी गावाच्या नावाला 'कर' लावून नवं आडनाव केलं होतं. जुनं आडनाव ऐकलं की मास्तर पोराला कुठे बसवायचं ते ठरवत, म्हणून. ते जुनं आडनाव आजोबांनी नंतर घरातही कधी उच्चारलं नाही. नवं आडनाव मात्र असं सुबक निघालं की ब्रॅकनेलला आल्या आल्या लोकांनी ते ऐकलं आणि मनातल्या मनात माझी जागा ठरवून टाकली. आपल्या लोकांची ही खोड कुठल्याही व्हिसावर सोबत येते. मला चैत्रातल्या हळदीकुंकवाची बोलावणी आली. डॉक्टरांच्या मिसेस, काकू, एकदा वाटीत डाळ वाढता वाढता म्हणाल्या, "तुमचं कुलदैवत कुठलं गं?" मी म्हटलं, "आईला विचारून सांगते." आईला मी अर्थातच विचारलं नाही. नंतर सहा वर्षं तो विषयही निघाला नाही.

मी खोटं बोलले नाही, असं स्वतःला समजावत राहिले. माझा मोठा भाऊ ग्लासगोला डॉक्टर आहे. त्याच्या दिवाणखान्यात बुद्धमूर्ती आहे, तो दर वर्षी जयंतीच्या कार्यक्रमात उभा राहून बोलतो, आणि माझं हे वागणं त्याला मुळीच पसंत नव्हतं. मला लाज वाटत होती असं त्याला वाटे. लाज नव्हती. माझं बोलणं एकदा, एका हॉलमध्ये, 'तुमच्या मानाने' हे शब्द वगळून ऐकलं जायला हवं होतं. तेवढ्यासाठी मी गप्प बसले, आणि गप्प बसणं एवढंच माझ्या हातात होतं.

माझ्याविरुद्ध बोलणार होती ती माझी मैत्रीण. पुण्याची, एका विमा कंपनीत कामाला, बोलण्यात पटाईत. आमची ओळख कौन्सिलच्या स्विमिंग पूलवर झाली. दोघींचीही मुलं पाण्याला घाबरणारी. माझ्या ऑपरेशनच्या वेळी तीन आठवडे तिने माझ्या मुलीला शाळेतून आणलं. इथे आल्यावर मी पहिल्यांदा कुणाला 'अगं' म्हटलं असेल तर तिला. जिवाभावाची हा शब्द मी तिच्याबद्दल वापरत असे, आता लिहिताना हात अडखळतो.

विषय ठरला होता 'मंगोलांनी जगाला काय दिलं आणि काय नेलं'. तिने 'काय नेलं' घेतलं. दोन महिने दर गुरुवारी आम्ही दोघी वर्क फ्रॉम होमच्या लंच ब्रेकमध्ये माझ्या स्वयंपाकघरात बसायचो. टेबलावर लायब्ररीची पुस्तकं, मधे पोह्यांचा टोप. तिच्याकडे पाडलेली शहरं होती. मर्व, निशापूर, बगदाद. माझ्याकडे टप्प्याटप्प्यावर ताजे घोडे ठेवणारी टपालव्यवस्था, चीनपासून इराणपर्यंत निर्धोक झालेला व्यापार, आणि देऊळ, मशीद, विहार, चर्च या सगळ्यांच्या पुजाऱ्यांना सारखीच करमाफी. डॉक्टरकाका दोघींना ईमेल करून टोचत होते. मर्वमध्ये मेलेल्यांचे जे आकडे जुने इतिहासकार देतात तेवढी माणसं त्या शहरात राहत तरी होती का, असं त्यांनी तिला विचारलं. आणि रस्ते निर्धोक झाले म्हणता तर त्याच रस्त्यांनी प्लेग आला नाही का, असं मला. त्यावर मी त्यांना चार परिच्छेद लिहिले, त्यांनी सहा लिहिले. मजेत दिवस चालले होते.

पण माझा जीव अडकला होता दुसऱ्याच गोष्टीत. मोठ्या खानाने जुन्या टोळ्या मोडल्या. कुठल्या कुळातला कोण, हे न बघता माणसं मिसळून दहा-दहाच्या तुकड्या केल्या. दहाची तुकडी, शंभराची, हजाराची. तीच तुझी टोळी, जुनी विसर. लोहाराच्या घरचा म्हणतात असा एक जण थोर सेनापती झाला. ज्याच्या बाणाने खानाचा घोडा पडला त्या शत्रूलाच त्याने सरदार केलं. हे मी पुन्हा पुन्हा वाचायची. आठशे वर्षांपूर्वी एका माणसाने जन्म बाजूला ठेवला आणि त्यावर जगातलं सगळ्यात मोठं राज्य उभं केलं!

मग पुढचं वाचलं. त्याच दहातला एक पळाला तर उरलेल्या नवांना मारत. मर्वमध्ये शिपायांना मारायची माणसं वाटून दिली, तीही त्याच नीटस हिशेबाने. आणि इतकी कुळं मोडून झाल्यावर सगळ्यांच्या वर एकच घराणं ठेवलं, खानाचं स्वतःचं. त्या घराण्याबाहेरच्या कुणाला तिथे बसायची मुभा नाही. म्हणजे माझ्या पानावरची चांगली गोष्ट आणि तिच्या पानावरची वाईट गोष्ट एकाच हाताने केलेली होती, एकाच यंत्राने. दोन पारड्यांत दोन वेगळ्या वस्तू टाकून तोलायचं असतं, इथे तर एकच वस्तू होती. मी हेच बोलायचं ठरवलं. डॉक्टरकाका यावर काय म्हणतील याची मला फार उत्सुकता होती.

अशाच एका गुरुवारी तिने विचारलं, "तुला त्या दहाच्या तुकडीचं एवढं काय आहे पण? तू ते वाचताना वेगळीच दिसतेस."

आणि मी सांगितलं. आजोबा, शाळा, नवं आडनाव, जुनं आडनाव. ते जुनं आडनावसुद्धा मी तिच्यापुढे उच्चारलं. आयुष्यात पहिल्यांदा. तिचे डोळे भरून आले. तिने माझा हात धरला आणि म्हणाली, "हे माझ्यापाशीच राहील गं. शप्पथ." ती गेल्यावर मला इतकं हलकं वाटलं की मी दुपारची मीटिंग कॅमेरा लावून केली.

रविवार आला. हॉल भरला होता. ती आधी बोलली आणि उत्तम बोलली. मी नंतर बोलले, माझं एकाच हाताचं म्हणणं मांडलं. डॉक्टरकाकांनी तीनदा चष्मा कपाळावर ढकलला, दोनदा मी त्यांना परतवलं, तिसऱ्यांदा मला माघार घ्यावी लागली. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत सुखाचा पाऊण तास असेल.

मग पालट. आधी मी तिची बाजू घेतली. मंगोल पुढच्या शहराच्या तटापुढे मागच्या शहराचे कैदी ढकलत, म्हणजे आतल्यांना बाण मारायचा तर आपल्यासारख्याच माणसांना मारावा लागे, हा मुद्दा तिने सोडला होता, तो मी मांडला. टाळ्या पडल्या. मग ती उठली.

"मंगोलांच्या बाजूचा सगळ्यात स्ट्राँग पॉइंट कुठल्याच पुस्तकात नाहीये," ती म्हणाली. "तो इथे, पहिल्या रांगेत बसलाय. माझी ही मैत्रीण मंगोलांची बाजू का घेते, माहितीये? कारण तिच्या आजोबांना शाळेत..."

पुढचं मला शब्दशः आठवत नाही. तिने सगळं सांगितलं. बाक, मास्तर, गावाच्या नावाला लावलेला 'कर'. अगदी प्रेमाने, आवाज हलवत. आणि मधे एकदा ती थांबली, हॉलवरून नजर फिरवली, आणि ते जुनं आडनाव उच्चारलं. चर्चच्या हॉलमध्ये, वीस-पंचवीस लोकांपुढे. "ज्यांना आपण बाहेर ठेवलं, त्यांना खानाची दहाची तुकडी का भावते, हे आपण समजून घ्यायला हवं," असं तिचं शेवटचं वाक्य होतं.

टाळ्या इतक्या पडल्या की बराच वेळ थांबेनात. काही जण रडत होते. आणि मी हसत होते. का हसत होते, देव जाणे. माझं म्हणणं मी उभं केलं होतं दोन महिन्यांच्या वाचनातून, कैद्यांसकट, मेलेल्या नवांसकट. तिने तीन मिनिटांत ते सगळं पुसून टाकलं. आता ते म्हणणं राहिलं नव्हतं, ते माझं दुःख झालं होतं.

प्रश्नोत्तरं झालीच नाहीत. मंगोल कुणालाच आठवेनात. एक गृहस्थ येऊन म्हणाले, "आमच्या ऑफिसात पण एक आहेत हो तुमच्यातले, फार हुशार." एकीने मला मिठी मारली, जी मला त्याआधी कधी 'हॅलो'पलीकडे बोलली नव्हती. काकू माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "आम्ही असलं काही मानत नाही बरं का. तू येत जा अशीच." सहा वर्षं मी त्यांच्या घरी जात होते. येत जा, असं त्यांना त्या दिवसापर्यंत कधी म्हणावं लागलं नव्हतं.

खुर्च्या उचलताना मला तिची कार्डं सापडली. भाषणाचे मुद्दे ती नेहमी छोट्या कार्डांवर लिहायची. ती टेबलावरच विसरली होती. पालटाच्या कार्डावर निळ्या शाईत ते जुनं आडनाव लिहिलेलं होतं, त्याच्याखाली एक रेघ, आणि पुढे लिहिलं होतं, 'इथे थांबणे'.

इतका वेळ मी स्वतःला सांगत होते की भावनेच्या भरात तिच्या तोंडून निघून गेलं असेल. माणसाचं होतं असं. कार्ड बघितलं आणि ती सोयही गेली. हिने घरी बसून हे लिहिलं होतं. कुठे थांबायचं ते ठरवलं होतं. कदाचित आरशापुढे म्हणूनही बघितलं असेल. केसाने गळा कापणे म्हणतात ते हेच असावं.

दुसऱ्या दिवशी तिचा फोन आला. मी कार्डाबद्दल विचारलं. ती गोंधळली नाही. म्हणाली, "अगं, मी तर तुझं कौतुक केलं! सगळे किती इमोशनल झाले, बघितलंस ना? तुला आता लपवायला नको काही. उलट ओझं गेलं तुझं."

"ते ओझं नव्हतं. आणि तू शपथ घेतली होतीस."

"ते मला मान्य आहे. पण इट वॉज सो पॉवरफुल. पालटाचा नियमच आहे ना, समोरच्याला सुचला नाही तो मुद्दा द्यायचा."

"मला सुचला होता," मी म्हटलं. "मी तो मुद्दामच वापरला नव्हता."

ती म्हणाली, "तू फार नेगेटिव्हली घेतेयस." मी फोन ठेवला. त्यानंतर गुरुवार बंद झाले. मुली पूलवर भेटतात, आम्ही दोघी दोन वेगळ्या बाकांवर बसतो. माझ्या मुलीला शाळेतून आणायचे ते तीन आठवडे मी विसरलेले नाही, आणि त्यामुळे राग नीट पेटतही नाही, नीट विझतही नाही.

भावाला सांगितलं तेव्हा तो आधी तिच्यावर भडकला आणि मग माझ्यावर. "तू लपवलं कशाला पण? उघड असतं तर ती काय उघड करणार होती?" त्याचं चुकत नाही. मी आजोबांनी केलेल्या आडनावाच्या आडोशाला बसले होते, हेही खरं. पण मी कधी आणि कुणाला सांगायचं हे माझं मी ठरवणार होते. ते तिने टाळ्यांसाठी खर्च केलं. आणि भावाला एक गोष्ट कळत नव्हती, किंवा कळत असून, बरोबरीने कुणी आपल्याशी भांडेल या आशेवर त्याने केव्हाच पाणी सोडलं होतं. डॉक्टरकाकांची ईमेल आली नव्हती.

सोमवारी नाही, मंगळवारी नाही, आठवडाभर नाही. ज्या तिसऱ्या मुद्द्यावर मी माघार घेतली होती त्यावर मी एक चांगला प्रतिवाद शोधून ठेवला होता, तो मीच त्यांना पाठवला. सहा परिच्छेदांची वाट पाहिली. एका ओळीचं उत्तर आलं: 'खूप सुंदर लिहिलंय. अभिनंदन.'

पुढच्या महिन्यात मी कट्ट्यावर गेले. न जाणं म्हणजे पळणं झालं असतं. विषय धरणांचा होता. मध्यंतरात डॉक्टरकाका चहाच्या टेबलापाशी एकटे उभे होते. मी त्यांच्याजवळ गेले आणि मुद्दाम, स्पष्ट आवाजात, एक शाळकरी चूक केली. बगदाद पडलं तेव्हा मोठा खान मरून तीस वर्षं झाली होती, ते त्याच्या नातवाने घेतलं, हे कट्ट्यावरच्या किटलीलासुद्धा ठाऊक आहे. मी म्हटलं, "काका, त्या दिवशी एक सांगायचं राहिलं. खानाने स्वतः बगदाद घेतलं, तेव्हा त्याने कारागिरांना वेगळं काढून वाचवलं होतं. स्वतः उभा होता तिथे."

त्यांचा हात चष्म्याकडे गेला. अडवा हो काका, मनात म्हणत होते, एकदाच अडवा. हात चष्म्यापर्यंत पोचला, तिथे जरा थांबला आणि खाली आला.

"हो, हो," ते अतिशय मायेने म्हणाले. "अगदी बरोबर आहे तुमचं."